आठ कोर आणि एक साखळी : स्प्रेडशीटची परीक्षा कशी घ्यावी?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसांनी स्प्रेडशीटच्या भानगडीत कशाला पडावं? पण थोडं थांबा. प्रश्न असा आहे. आपल्या संगणकात आज चार, आठ, सोळा कोर असतात. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क हे सॉफ्टवेअर ते सगळे कोर पुरेपूर वापरतं का? आणि वापरतं की नाही, हे तपासायचं कसं? यातला पहिला प्रश्न अभियंत्यांचा आहे. दुसरा मात्र ज्ञानमीमांसेचा आहे. 'मला कळलं' असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, असं तो विचारतो. आज आपण या दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेनं जाऊ, म्हणजे पहिल्याचं उत्तर वाटेत आपोआप सापडेल.

आधी हा प्रश्न आला कुठून, ते थोडक्यात पाहू. नव्वदच्या दशकात दर नवा प्रोसेसर आधीच्यापेक्षा जास्त गतीनं चालायचा. तुमचा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा नव्या यंत्रावर टाकला, की तो आपोआप वेगानं पळायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही करावं लागत नसे. मग उष्णता आडवी आली. गती वाढवावी तर चिप तापते, आणि ती थंड ठेवणं परवडेना. २००४ मध्ये इंटेलनं आणखी वेगवान प्रोसेसरची एक योजना सोडून दिली. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांचेही दोन कोरचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले. एक पळणारा घोडा आणखी जोरात पळेना, म्हणून दोन घोडे जुंपले. पण दोन घोडे जुंपायचे तर गाडीही तशी लागते. प्रोग्रॅमच्या रचनेतच कामाची वाटणी असावी लागते. एक्सेलमध्ये अशी वाटणी करून गणित करण्याची सोय २००७ च्या आवृत्तीत आली. त्याच आवृत्तीत शीटच्या ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या. म्हणजे गाडी बदलली आणि ओझंही वाढलं.

आता तपासणीकडे वळू. बहुतेक लोक काय करतात? मोठी फाईल उघडतात, आकडा बदलतात, शीट अडकली की टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा आलेख बघतात. तिथं १३ टक्के दिसतात. 'बघा, आठ कोरचे पैसे मोजले आणि हे १३ टक्केच वापरतंय!' असा निष्कर्ष निघतो. उलट ९८ टक्के दिसले, तर समाधान वाटतं की यंत्र कामाला लागलं आहे. आमची पहिली हरकत या दोन्ही निष्कर्षांना आहे.

१३ टक्के कुठून आले ते पाहा. आठ जागा असतील आणि एकच थ्रेड जिवाच्या आकांतानं धावत असेल, तर एक भागिले आठ, म्हणजे साडेबारा टक्के. तेव्हा हा आकडा आळस दाखवत नाही. एक कामगार घामाघूम आहे आणि सात बसून आहेत, एवढंच तो सांगतो. दुसरी गंमत म्हणजे, ऑपरेटिंग सिस्टीम तो एकच थ्रेड कधी या कोरवर, कधी त्या कोरवर बसवते. मग आठही छोटे आलेख थोडेथोडे हलताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की काम वाटलं गेलं! तिसरी गोष्ट अशी की ज्या आठ जागा दिसतात, त्या पुष्कळदा प्रत्यक्षात चारच कोर असतात. प्रत्येक कोर दोन थ्रेड सांभाळतो, म्हणून आठ मोजले जातात. अशा यंत्रावर ५० टक्के दिसले म्हणजे निम्मी ताकद शिल्लक आहे, असं होत नाही. इंटेलच्या २०२१ नंतरच्या अनेक प्रोसेसरांत तर मोठे कोर वेगळे आणि वीज वाचवणारे छोटे कोर वेगळे. तिथं सगळ्यांची एकाच मापानं बेरीज करणं म्हणजे पैलवान आणि पोर यांना सारखी मजुरी लावणं आहे.

आता न्यायशास्त्र मदतीला घेऊ. धूर आणि आग हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. धूर दिसला म्हणजे आग आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट केलं तर? आग आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान चुकतं. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला, तर त्यात आग आहे, पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. अनुमानात लपून बसलेल्या या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी लक्षात न घेता बांधलेलं अनुमान सदोष ठरतं.

आपल्या आलेखाचंही असंच आहे. गणित चालू असेल तर कोर व्यस्त असतो, हे बरोबर. पण कोर व्यस्त आहे म्हणून उपयोगाचं गणित चालू आहे, हे अनुमान सोपाधिक आहे. प्रोसेसर मेमरीतून आकडे यायची वाट बघत खोळंबलेला असला, तरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या वहीत तो व्यस्तच असतो. एकच बेरीज हजार वेळा पुन्हा चालली असेल, तरीही तो व्यस्तच. हजेरीपटावर सही आहे म्हणून काम झालं असं कुणी मानत नाही. मग यंत्राच्या हजेरीपटावर आपण एवढा विश्वास का ठेवतो?

बरं, मग काम वाटलं जातं की नाही हे ठरतं कशावरून? इथं स्प्रेडशीटची घडण समजून घ्यावी लागते. आपल्याला ती दिसते तक्त्यासारखी, ओळी आणि कॉलम. आतून मात्र ती अवलंबनाची जाळी असते. हा सेल त्या सेलवर अवलंबून, तो आणखी तिसऱ्यावर. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कमध्ये गणित ओळीमागून ओळ किंवा कॉलमामागून कॉलम असंच सरळ चाले. पुढच्या सेलवर अवलंबून असलेला फॉर्म्युला अलीकडे असला, तर पुन्हा एकदा गणित करावं लागे. १९८३ च्या लोटस १-२-३ नं अवलंबनाच्या क्रमानं गणित करण्याची पद्धत लोकांच्या हाती दिली. ज्याच्यावर इतर अवलंबून, तो आधी. आजची सगळी स्प्रेडशीट त्याच तत्त्वावर चालतात. हे तत्त्वच कोर वापरण्याची मर्यादा ठरवतं, कारण जे एकमेकांवर अवलंबून नाही, तेच एकाच वेळी करता येतं.

उन्हाळ्यातले पापड आठवा. पीठ एकदा भिजवून कुटून झालं, की आठजणी लाट्या वाटून घेतात. कुणी कुणासाठी अडत नाही. पुरणपोळीचं तसं नाही. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटता येत नाही, आणि पुरण झाल्याशिवाय ते भरता येत नाही. स्वयंपाकघरात आठजणी उभ्या केल्या, तरी डाळ तिच्याच वेळात शिजणार. स्प्रेडशीटमध्येही काही कॉलम पापडासारखे असतात आणि काही पुरणपोळीसारखे.

हाच विचार जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडला. समजा एकूण काम १०० मिनिटांचं आहे. त्यातलं ९० मिनिटांचं वाटता येतं, १० मिनिटांचं वाटता येत नाही. आठ कोर लावले तर ९० चे सव्वाअकरा होतात आणि ते १० तसेच राहतात. एकूण सव्वाएकवीस मिनिटं. म्हणजे आठ कोर लावून वेग आठपट झाला नाही, पाचपटही झाला नाही. आणि हजार कोर लावले तरी १० मिनिटांच्या खाली काही जाता येणार नाही. काम निम्मं-निम्मं असेल, तर कितीही कोर लावा, वेग दुप्पटही होणार नाही. हे गणित सातवीतल्या मुलाला जमेल. तरीही यंत्र विकत घेताना ते कुणी करत नाही.

आता सॉफ्टवेअरची समीक्षा करू. एक्सेलमध्ये ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, फॉर्म्युलाज या ठिकाणी किती थ्रेड वापरायचे ते ठरवता येतं. यंत्रातले सगळे प्रोसेसर वापरा, किंवा मी सांगतो तेवढेच वापरा. एकूण १,०२४ थ्रेडपर्यंत त्याची तयारी आहे. म्हणजे क्षमता भरपूर आहे. पण काही गोष्टी या वाटणीत बसत नाहीत. व्हीबीएमध्ये आपण लिहिलेली फंक्शन्स त्यात येत नाहीत. इनडायरेक्ट हे फंक्शन येत नाही. ते कुठल्या सेलकडे बोट दाखवणार, हे फॉर्म्युला वाचून आधी कळतच नाही. पिव्हट टेबलातून आकडा उचलणारं फंक्शन येत नाही. 'व्हॉट-इफ'मधली डेटा टेबल येत नाहीत. वर्तुळात अडकलेले, म्हणजे स्वतःवरच अवलंबून असलेले सेल येत नाहीत. या कामांना एकाच रांगेत उभं राहावं लागतं.

लिब्रेऑफिस कॅल्कची तऱ्हा निराळी आहे. तिथंही टूल्स, ऑप्शन्समध्ये थ्रेडची सोय चालू-बंद करता येते. पण कॅल्क वाटणी करतं ती एका कॉलमात खालोखाल असलेल्या सारख्या फॉर्म्युल्यांच्या गटाची. खाली ओढून भरलेला लांब कॉलम असेल, तर गट जमतो. मध्येच कुणी एका सेलमध्ये हातानं वेगळा फॉर्म्युला घुसडला, तर गट तुटतो. आणि गटातला प्रत्येक सेल वरच्या सेलवर अवलंबून असेल, तर वाटणी होत नाही. म्हणजे 'स्प्रेडशीट सगळे कोर वापरतं का?' या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं सरसकट उत्तर संभवतच नाही. उत्तर सॉफ्टवेअर आणि तुमची शीट या जोडीचं असतं. दोन माणसांच्या संभाषणाचा दोष एकाच्याच माथी मारावा, तसा तो प्रश्न आहे.

मग तपासायचं कसं? यासाठी आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक हा जुना आणि खणखणीत मार्ग आहे. कारण असेल तर कार्य दिसतं का, आणि तेवढंच कारण काढून घेतलं तर कार्य जातं का? बाकी काहीही न बदलता फक्त थ्रेडची संख्या बदलायची. फाईल तीच, यंत्र तेच, चार्जर लावलेला, इतर प्रोग्रॅम बंद. थ्रेड एक ठेवा, कंट्रोल-आल्ट-एफ९ दाबून सगळं गणित नव्यानं करायला लावा आणि वेळ मोजा. पाच वेळा मोजा. पहिली वेळ सोडून द्या, कारण पहिल्या फेरीत एक्सेल आपला गणिताचा क्रम लावून घेतं. मग सगळे थ्रेड चालू करून पुन्हा तसंच मोजा. फाईल उघडायचा वेळ, मॅक्रोचा वेळ यात मिसळू नका. ती वेगळी कामं आहेत.

समजा एका थ्रेडवर ४० सेकंद लागले आणि आठ खऱ्या कोरवर १२ सेकंद. आता अ‍ॅम्डालचं गणित उलट करा. १२ ला ८ नं गुणा, ९६. त्यातून ४० वजा करा, ५६. त्याला ७ नं भागा, ८. म्हणजे या शीटमध्ये साधारण ८ सेकंदांचं काम असं आहे, की जे वाटता येत नाही. ताळा पाहा. उरलेल्या ३२ सेकंदांचं काम आठ जणांत वाटलं तर प्रत्येकी ४, अधिक ८, बरोबर १२. हा आकडा अंदाजाचाच आहे. एकच कोर चालू असताना प्रोसेसर त्याला जरा जास्त गती देतो, तेव्हा दोन मोजण्या अगदी सारख्या परिस्थितीतल्या नसतात. ही पुन्हा उपाधीच! पण आलेखाकडे तासभर बघून जे कळलं नसतं, ते दोन मोजण्यांनी कळलं. सोळा कोरचं यंत्र आणलं तर फार तर १० सेकंद लागतील. दोन सेकंदांसाठी नवं यंत्र घ्यायचं का, हे आता तुम्ही ठरवू शकता.

इथपर्यंत आपण धरून चाललो की कोर जास्तीत जास्त गुंतणं चांगलंच असतं. आता त्या गृहीतकाचीच परीक्षा घेऊ. एक साधं उदाहरण घ्या. बी कॉलममध्ये रोजचा खर्च आहे, दहा हजार ओळी. शेजारी प्रत्येक दिवसापर्यंतची एकूण बेरीज हवी आहे. दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे प्रत्येक ओळीत 'पहिल्या ओळीपासून इथपर्यंतची बेरीज' असा सम फॉर्म्युला. दुसरी रीत म्हणजे वरच्या ओळीची एकूण अधिक आजचा खर्च. पहिल्या रीतीत कुणी कुणावर अवलंबून नाही. सगळे फॉर्म्युले फक्त बी कॉलमकडे बघतात. काम सुरेख वाटलं जातं, आठही कोर पेटून उठतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक ओळ वरच्या ओळीची वाट बघते. ती निखळ साखळी आहे, एकच कोर चालणार. आलेखावरून निवाडा करायचा तर पहिली रीत जिंकली.

आता बेरजा मोजा. पहिल्या रीतीत एक अधिक दोन अधिक तीन, असं दहा हजारांपर्यंत. एकूण ५ कोटी ५ हजार आकडे मिळवावे लागतात. आठ कोरांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेबासष्ट लाख. दुसऱ्या रीतीत एकूण बेरजा दहा हजार. म्हणजे आठ कोर पूर्ण गुंतवणाऱ्या शीटमध्ये एकेका कोरला जेवढं राबावं लागतं, ते एकाच कोरवर चालणाऱ्या शीटच्या सव्वासहाशेपट आहे. आलेखावर जी शीट कामसू दिसते, ती खरं तर उधळी आहे.

शोधण्याचंही असंच. लाखभर ओळींच्या विस्कळीत यादीत व्हीलूकअपनं अचूक नाव शोधायचं, तर सरासरी पन्नास हजार ओळी चाळाव्या लागतात. यादी क्रमानं लावलेली असेल आणि निम्मी-निम्मी करत शोधलं, तर सतराएक तुलनांत काम होतं. इथं मायक्रोसॉफ्टला श्रेयही दिलं पाहिजे. २०१८ मध्ये त्यांनी अशा शोधासाठी आतल्या आत सूची साठवून ठेवायची सोय केली, म्हणजे एकाच तक्त्यात पुन्हापुन्हा शोधताना दरवेळी मुळापासून चाळावं लागत नाही. हा वेग आणखी कोर जुंपून आलेला नाही. अनावश्यक श्रम टाळल्यानं तो आला.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? शीट जरा मंद चालली तर काय बिघडलं? बिघडतं, आणि ते वेगाच्या नव्हे, सत्याच्या बाजूनं बिघडतं. शीट मंद झाली की माणूस वैतागतो आणि गणित 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल'वर टाकतो. आता आकडा बदलला तरी उत्तर बदलत नाही, एफ९ दाबेपर्यंत. खाली कोपऱ्यात 'कॅल्क्युलेट' असा बारीक शब्द दिसतो. वाचणाऱ्याला समोरचा आकडा ताजा वाटू शकतो, पण तो शिळा असतो. एवढ्यावर हे थांबत नाही. एक्सेलमध्ये ही निवड एका फाईलपुरती नसते. आधी जी फाईल उघडली, तिची पद्धत त्या बैठकीत उघडलेल्या इतर फाईलींनाही लागू होते. म्हणजे एका सहकाऱ्याची मॅन्युअलवर टाकलेली फाईल तुम्ही सकाळी उघडता, आणि दुपारी तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकातली बेरीज बदलत नाही. त्या पत्रकावर सही करणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. मंदपणाचं कारण न शोधता त्याच्यावर केलेला उपाय असा दुसऱ्याच्या ताटात शिळं वाढतो. म्हणून हा प्रश्न नैतिकही आहे, असं आम्ही म्हणतो.

आणि इथंच सॉफ्टवेअरवरचा आमचा मुख्य आक्षेप आहे. गणित चालू असताना एक्सेल खालच्या पट्टीवर थ्रेडची संख्या आणि टक्के दाखवतं. किती कामगार हजर आहेत ते कळतं. कुणाच्या वाट्याला किती काम आलं आणि कोण कुणासाठी अडलं, ते कळत नाही. एखाद्या सेलवर उभं राहून तो कुणावर अवलंबून आहे त्याचे बाण बघता येतात. पण संपूर्ण शीटमधली सर्वांत लांब साखळी कोणती, ती कुठून सुरू होते, कोणत्या फॉर्म्युल्यामुळे रांग लागते, हे एका नजरेत दिसत नाही. बांधकामाच्या वेळापत्रकात याला क्रिटिकल पाथ म्हणतात, आणि तो पाहिल्याशिवाय कुणी मुकादम 'आणखी मजूर आणा' म्हणत नाही. गणिताचा क्रम लावण्यासाठी ही सगळी माहिती सॉफ्टवेअरला गोळा करावीच लागते. ती वापरणाऱ्याला न दाखवणं हा आमच्या मते मोठा दोष आहे. ज्याला कारण दिसत नाही, तो आलेख बघून तर्क लढवतो आणि शेवटी पैसे मोजून नवं यंत्र आणतो.

तेव्हा नवं यंत्र घेण्याआधी, किंवा गणित मॅन्युअलवर टाकण्याआधी, एवढं करा. एका थ्रेडवर आणि सगळ्या थ्रेडवर वेळ मोजून न वाटता येणारं काम किती, ते काढा. ते जास्त निघालं तर इनडायरेक्ट, व्हीबीएची फंक्शन्स, लांब साखळ्या कुठं आहेत ते शोधा. ते कमी निघालं आणि तरीही शीट मंद असेल, तर तेच काम पुन्हापुन्हा होतंय का ते बघा. दहा हजार ओळींची ती बेरीज आठवा. हे सगळं करूनही काम मोठंच उरलं, आणि ते वाटता येण्यासारखं असलं, तर मात्र खुशाल जास्त कोरचं यंत्र घ्या. ते पैसे वाया जाणार नाहीत.

वेळ संपत आली. इथं थांबू या. कुणी आपल्या शीटवर मोजून पाहिलं असेल, तर ते आकडे घेऊन प्रश्न विचारा. त्यावर बोलायला आम्हाला आवडेल.